करारपत्र फाटू शकते
सैतानाशी सौदा करणाऱ्या माणसाची गोष्ट, चित्रपट आणि आपली श्रद्धा



प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी आपण प्रभू येशूच्या मोहाचे शुभवर्तमान ऐकतो. संत मत्तयच्या वृत्तान्तात तिसरा मोह सर्वांत उघड आहे. सैतान प्रभूला उंच डोंगरावर नेतो, जगातील सर्व राज्ये आणि त्यांचे वैभव दाखवतो आणि म्हणतो की, माझ्या पाया पडलास तर हे सारे तुझे (मत्तय ४:८-१०). नीट पाहिले तर हा एक सौदाच आहे. काय मिळणार ते सांगितले आहे, त्याची किंमतही सांगितली आहे. फक्त होकार हवा आहे. प्रभूने तो दिला नाही.

पण माणसाने तो दिला तर? या एका प्रश्नावर युरोपात चारशेहून अधिक वर्षे पुस्तके आणि नाटके लिहिली गेली, आणि चित्रपटाचा शोध लागल्यापासून चित्रपटही निघत आले. आजच्या अभ्यासलेखात त्यांतील काहींचा आपण विचार करू. हा विषय घेण्यामागे एक कारण आहे.

मागच्या पावसाळ्यात युवक मंडळातील अठरा वर्षांवरील मुलामुलींबरोबर आम्ही 'तुंबाड' हा चित्रपट पाहिला आणि नंतर चर्चा केली. सगळे घरी गेल्यावर एक मुलगा खुर्च्या उचलायला मागे थांबला. खुर्च्या रचून झाल्यावर त्याने विचारले, "फादर, एकदा करार केला की मोडता येतच नाही का ओ?" मला वाटले तो चित्रपटाविषयी विचारतो आहे. मी उत्साहाने पंधरा-वीस मिनिटे संत ऑगस्टिन आणि संत थॉमस अक्वायनस समजावून सांगितले. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. त्याचा प्रश्न चित्रपटाविषयी नव्हता, हे मला चार दिवसांनी कळले. त्याची हकीकत पुढे येईल. ती लिहिण्याची परवानगी त्यानेच दिली आहे, आणि हे बोलणे पापनिवेदनात नव्हे तर कार्यालयातील टेबलापाशी झाले होते, हेही येथेच स्पष्ट करतो.

१. ही गोष्ट कोठून आली?

योहान फाउस्ट नावाचा एक भटका विद्वान सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत होऊन गेला. ज्योतिष, जादू आणि बढाया यांसाठी तो प्रसिद्ध होता. त्याच्या मृत्यूनंतर दंतकथा वाढत गेल्या आणि १५८७ साली फ्रँकफुर्ट येथे त्यांचे एक पुस्तक छापले गेले. त्यात फाउस्ट आपल्या रक्ताने करार लिहून देतो. चोवीस वर्षे सैतानाने त्याची चाकरी करायची, त्यानंतर आत्मा सैतानाचा. मुदत भरते आणि फाउस्टचा सर्वनाश होतो. इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर मार्लोने यावर नाटक लिहिले. त्याच्या नाटकातही शेवट विनाशाचाच आहे.

जर्मन महाकवी गटे याने मात्र गोष्टीला वळण दिले. त्याच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग १८०८ साली आणि दुसरा त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या भागाचे मराठी भाषांतर आपल्या विंदा करंदीकरांनी केले, ते १९६५ साली आले. गटेचा फाउस्ट शेवटी वाचतो. ज्या मुलीचे आयुष्य त्याने उद्ध्वस्त केले, ती ग्रेटशेन त्याच्यासाठी स्वर्गात विनवणी करते आणि तेथे गौरवशाली माता मरियेचे दर्शन घडते. गटे कॅथलिक नव्हता. तरी शेवटाला त्याला आईच्या मध्यस्थीची आठवण झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणजे या गोष्टीला आरंभापासून दोन शेवट आहेत. एकात करार मोडत नाही, दुसऱ्यात मोडतो. चित्रपट पाहताना आपणही हाच प्रश्न विचारू या: या दिग्दर्शकाच्या मते कागद फाटतो की नाही?

२. पडद्यावरचा फाउस्ट

चित्रपटकला बाल्यावस्थेत असतानाच ही गोष्ट पडद्यावर आली. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने १८९७ ते १९०४ या काळात फाउस्टवर अनेक लहान मूकपट काढले. त्याला धूर, ज्वाला आणि अदृश्य होणारी माणसे दाखवायची होती. त्यासाठी सैतानाइतके सोयीचे पात्र दुसरे कोणते?

या विषयावरचा सर्वांत मोठा मूकपट १९२६ साली जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ याने काढला. त्यातील फाउस्ट हा वृद्ध विद्वान आहे. गावात प्लेगची साथ येते. माणसे त्याच्या पाया पडून वाचवण्याची विनंती करतात आणि त्याची सारी विद्या तोकडी पडते. निराश होऊन तो सैतानाला बोलावतो. त्याचा हेतू कोणता? रोग्यांना बरे करणे. करार एकाच दिवसापुरता, 'चाचणी' म्हणून. येथे मुर्नाऊने मोहाचे खरे रूप ओळखले आहे. मोठा मोह 'वाईट कर' असे म्हणत येत नाही. तो चांगल्या कामाचे निमित्त घेऊन, एक दिवसाच्या मुदतीने येतो. पण क्रूस समोर येताच फाउस्टला त्याकडे पाहवत नाही. लोकांच्या ते लक्षात येते आणि तेच लोक त्याच्यावर दगड उचलतात. मग सैतान दुसरी वस्तू पुढे करतो, तारुण्य. एक दिवसाचा करार कायमचा होतो.

शेवटी ग्रेटशेनला जिवंत जाळण्याची शिक्षा होते. फाउस्ट मिळवलेल्या तारुण्याला शाप देतो, पुन्हा म्हातारा होतो आणि चितेकडे धावतो. दोघे एकत्र मरतात. सैतान देवदूतापुढे आपला हक्क सांगतो, तेव्हा देवदूत म्हणतो की एका शब्दाने तुझा करार रद्द झाला आहे. तो शब्द आहे 'प्रेम'.

याच मूकपटात ग्रेटशेनच्या भावाचे काम करणारा नट विल्हेल्म डिटर्ले पुढे अमेरिकेत दिग्दर्शक झाला. १९४१ साली त्याने 'द डेव्हिल अँड डॅनियल वेबस्टर' हा चित्रपट काढला. त्यातील नायक विद्वान नसून कर्जात बुडालेला गरीब शेतकरी आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याला, जेथे एका पावसाने दगा दिला की वर्षाचा हिशेब कोलमडतो, हा माणूस परका वाटणार नाही. सैतान त्याला सात वर्षांची भरभराट देतो. पण पैसा आल्यावर हाच शेतकरी काय करतो? शेजारच्या गरिबांना कर्ज देऊन त्यांनाच पिळतो. ज्या फासात तो अडकला होता, तोच फास तो दुसऱ्यांच्या गळ्यात टाकतो. मुदत संपल्यावर वकील डॅनियल वेबस्टर त्याची बाजू मांडतो आणि त्याला सोडवतो. न्यायासनासमोर आपली बाजू मांडणारा कोणीतरी असतो, ही कल्पना ख्रिस्ती माणसाला नवीन नाही. संत योहान प्रभू येशूला पित्याजवळ असलेला आपला कैवारी म्हणतो (१ योहान २:१).

३. ज्याने सैतानाचे काम केले, त्याचे काय झाले?

मुर्नाऊच्या चित्रपटात सैतानाची, म्हणजे मेफिस्टोची भूमिका एमिल यानिंग्स या नटाने केली होती. अभिनयासाठी दिले गेलेले पहिले ऑस्कर पारितोषिक १९२९ साली त्यालाच मिळाले. इतका थोर नट. पण १९३३ नंतर जर्मनीत हिटलरची सत्ता आली तेव्हा अनेक कलावंत देश सोडून गेले आणि यानिंग्स थांबला. त्याने नाझी राजवटीच्या प्रचारपटांत कामे केली, मानसन्मान स्वीकारले. युद्ध संपल्यावर त्याला पुन्हा चित्रपटात काम मिळाले नाही. १९५० साली तो वारला.

गुस्ताफ ग्रुंडगेन्स हा दुसरा नट रंगभूमीवरील मेफिस्टो म्हणून गाजला होता. तोही नाझी काळात मोठ्या पदावर चढला. त्याच्यावरून क्लाउस मान या लेखकाने परदेशात आश्रयाला असताना १९३६ साली 'मेफिस्टो' ही कादंबरी लिहिली. तीवर हंगेरीच्या इश्तवान साबो याने १९८१ साली चित्रपट काढला आणि त्याला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. या चित्रपटात शिंगे नाहीत, धूर नाही, रक्ताची सही नाही. एक हुशार, महत्त्वाकांक्षी नट आहे आणि त्याला कोणीही एकदम 'आत्मा दे' असे म्हणत नाही. आज एका मित्राची ओळख विसरायची. उद्या एका अन्यायाबद्दल गप्प बसायचे. परवा एका मेजवानीला जायचे. प्रत्येक वेळी त्याच्याजवळ कारण असते, 'मी तर फक्त नट आहे.' शेवटी प्रखर दिव्यांच्या झोतात तो एकटा सापडतो, तेव्हाही त्याच्यापाशी हीच सबब उरलेली असते.

फाउस्टवरच्या सगळ्या चित्रपटांत मला हा सर्वांत खरा वाटतो. सैतानाशी करार बहुधा एका सहीने होत नाही. तो लहान लहान होकारांनी होतो, आणि प्रत्येक होकार त्या वेळी अगदी साधा दिसतो.

४. आपल्या मातीतला करार

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात ही गोष्ट गुप्तधनाच्या रूपाने सांगितली जाते. पडक्या वाड्यात हंडा पुरलेला आहे, त्यावर कोणाचा तरी पहारा आहे, त्याला काहीतरी द्यावे लागते. या वेडापायी महाराष्ट्रात निष्पापांचे बळी गेले आहेत. म्हणूनच २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ख्रिस्तसभेची शिकवणही याबाबत निःसंदिग्ध आहे. भविष्यकथन, जादूटोणा, भुताखेतांना किंवा सैतानाला शरण जाणे हे सारे पहिल्या आज्ञेच्या विरुद्ध आहे (कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ, २११६-२११७). आपल्यापैकी कोणी अडचणीत असताना रविवारी मिस्साला आणि अमावस्येला मांत्रिकाकडे जात असेल, तर त्याने हे स्वतःसाठी लिहिले आहे असे समजावे.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट याच परंपरेतला आहे. चित्रपट हिंदी असला तरी माणसे, वाडा आणि पाऊस कोकणातले आहेत. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आले आणि कथेत नारायण धारप यांच्या भयकथेचा धागा आहे. १९१८ ते १९४७ या काळात घडणाऱ्या या कथेत विनायक नावाचा माणूस वाड्याखालच्या गर्भात उतरून हस्तर नावाच्या शापित देवाच्या लंगोटातून सोन्याची नाणी पळवत राहतो. हस्तरला सोने मिळाले, पण धान्य नाही. तो भुकेलाच आहे. विनायक त्याला कणकेची बाहुली टाकतो आणि तो ती खाण्यात गुंतला की नाणी उचलतो.

काटेकोर बोलायचे तर येथे करार नाही, चोरी आहे. तरी किंमत चुकत नाही. विनायकाला हवे ते मिळते, पण 'पुरे' हा शब्द त्याच्या तोंडून जातो. वाईट गोष्ट अशी की तो आपल्या कोवळ्या मुलालाही त्या विहिरीत उतरायला शिकवतो. बाप जी हाव जपतो ती मुलाला वारशाने मिळते. पण शेवटी सगळे सोने समोर असताना तोच मुलगा 'नको' म्हणतो. तेथे साखळी तुटते. (हा चित्रपट प्रौढांसाठी आहे. पालकांनी तो लहान मुलांना दाखवू नये.)

५. 'पिंजरा'तले मास्तर

दुसरा चित्रपट आपल्या घराघरात माहीत आहे. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२). त्याचा फाउस्टशी काय संबंध, असे कोणी विचारील. 'पिंजरा'चे मूळ 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटात आहे आणि त्यात नर्तकीच्या मोहात पडून धुळीला मिळालेल्या प्राध्यापकाचे काम याच एमिल यानिंग्सने केले होते. चार वर्षांपूर्वी मोहात पाडणारा सैतान झालेला नट आता मोहात पडलेला माणूस झाला. तो माणूस मराठीत आला तो डॉ. श्रीराम लागू यांच्या रूपाने.

गावाला वळण लावणारे आदर्श मास्तर तमाशाच्या फडातील चंद्रकलेच्या मोहात पडतात. पुढे ओळख न पटणारे एक प्रेत मास्तरांचे समजले जाते. गाव हळहळते आणि मास्तरांचा पुतळा उभारते. खरे मास्तर मात्र फडाबरोबर वणवण हिंडत असतात. शेवटी त्यांनाच मास्तरांच्या खुनाबद्दल पकडले जाते. म्हणजे स्वतःच्याच खुनाचा आरोप! 'मीच तो मास्तर' एवढे म्हटले तरी ते सुटतील. पण मग पुतळा कोसळेल, गावाचा आदर्श मोडेल. म्हणून ते गप्प राहतात आणि फाशी पत्करतात.

प्रेक्षक येथे डोळे पुसतात. लहानपणी मीही पुसले आहेत. आदर्शासाठी प्राण देणे ही लहान गोष्ट नव्हे आणि शांतारामबापूंनी ती ताकदीने दाखवली आहे. पण धर्मगुरू म्हणून एक प्रश्न मला सोडत नाही. मास्तरांनी गावाला सारे शिकवले, पण पडलेला माणूस पुन्हा उठू शकतो, हे शिकवायचे राहिले नाही का? 'मी पडलो, मला क्षमा करा' असे म्हणणारा मास्तर गावाला पुतळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडला नसता का? पुतळा चुकत नाही, हे खरे. पण पुतळा कोणाला जवळही घेत नाही.

६. थिओफिलस: विसरलेली कॅथलिक गोष्ट

फाउस्टच्या कितीतरी आधी ख्रिस्तसभेत अशीच एक आख्यायिका सांगितली जात होती. सहाव्या शतकात अदाना येथे (आजच्या तुर्कस्तानात) थिओफिलस नावाचा धर्मप्रांताचा कारभारी होता. प्रामाणिक, गोरगरिबांचा आवडता. लोकांनी त्याला बिशप करायचे ठरवले. त्याने नम्रपणे नकार दिला. दुसरा बिशप आला आणि त्याने कोणाच्या तरी चुगलीवरून थिओफिलसला कामावरून काढले. जो मान स्वतः नाकारताना त्रास झाला नाही, तो दुसऱ्याने हिरावल्यावर मात्र त्याला सहन झाला नाही. एका जादूगारामार्फत तो सैतानाकडे गेला, प्रभू येशू आणि मरिया मातेला नाकारले आणि तसे लिहून मोहोर लावून दिले. दुसऱ्या दिवशी त्याला पद परत मिळाले.

(जुन्या प्रतींत हा जादूगार यहुदी दाखवला आहे. तो त्या काळचा पूर्वग्रह होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली यहुदी बांधवांविषयी जी शिकवण दिली, तिच्या प्रकाशात आपण तो भाग बाजूला ठेवतो.)

पद मिळाले, पण झोप गेली. थिओफिलसने मरिया मातेच्या देवळात चाळीस दिवस उपवास आणि प्रार्थना केली. मातेने त्याची कानउघाडणी केली आणि तो रडत राहिला. शेवटी एका सकाळी तो जागा झाला, तेव्हा करारपत्र त्याच्या छातीवर होते. आईने ते परत आणले होते.

गोष्ट येथे संपत नाही, आणि मला पुढचा भागच महत्त्वाचा वाटतो. कागद हाती आला होता. गुपचूप जाळला असता तर कोणालाच कळले नसते. पण थिओफिलस रविवारी देवळात गेला, बिशप आणि सर्व लोकांसमोर आपले पाप सांगितले आणि कागद बिशपच्या हाती दिला. तो सर्वांसमोर जाळण्यात आला.

मध्ययुगात ही गोष्ट घरोघर माहीत होती. तेराव्या शतकात र्‍युतबफ या फ्रेंच कवीने तीवर नाटक लिहिले. पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिराच्या उत्तरेकडील दारावर ती दगडात कोरली आहे. आता 'पिंजरा'तले मास्तर आणि थिओफिलस शेजारी उभे करा. दोघेही सन्माननीय, दोघेही पडलेले. एकाने पुतळा वाचवला आणि स्वतः गेला. दुसऱ्याने पुतळा स्वतःच्या हाताने फोडला आणि स्वतः वाचला.

७. श्रद्धा काय शिकवते?

पहिली गोष्ट, सैतान हा देवाचा प्रतिस्पर्धी देव नव्हे. तो निर्माण केलेला जीव आहे आणि त्याचे सामर्थ्य अमर्याद नाही (धर्मशिक्षण ग्रंथ, ३९५). संत ऑगस्टिन शिकवतो की वाईटाला स्वतःचे असे अस्तित्व नसते. जेथे चांगले असायला हवे तेथे ते नसणे म्हणजे वाईट. मग सैतान जे देऊ करतो ते त्याचे कसे असेल? डोंगरावरची राज्ये त्याची नव्हतीच. प्रभूने त्याला लबाड आणि लबाडीचा बाप म्हटले आहे (योहान ८:४४).

दुसरी गोष्ट, आपला आत्मा विकण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण आपण स्वतःचे नाही. आपल्याला मोल देऊन विकत घेतले आहे (१ करिंथ ६:१९-२०). दुसऱ्याच्या शेताचे खरेदीखत आपण करून दिले तर ते टिकत नाही. तसेच हे आहे. आपल्याविरुद्धचा कर्जरोखा प्रभूने क्रूसाला खिळून रद्द केला, असे संत पौल कलस्सैकरांस लिहितो (२:१४).

मग धोका नाहीच का? आहे, आणि मोठा आहे. माणूस स्वतंत्र आहे. तो देवाकडे पाठ फिरवू शकतो आणि शेवटपर्यंत तशीच ठेवू शकतो. पण त्याला बांधून ठेवते ते करारपत्र नव्हे, तर 'आता परत फिरता येणार नाही' हा समज. मार्लोचा फाउस्टस अखेरच्या रात्रीही क्षमा मागू शकला असता. आपले पाप देवाच्या दयेपेक्षा मोठे आहे असे त्याने धरले. या आशा सोडण्यालाच ख्रिस्तसभा निराशेचे पाप म्हणते (२०९१). यहूदानेही विश्वासघात केला आणि पेत्रानेही प्रभूला नाकारले. पेत्र रडला आणि परत आला. ख्रिस्तसभा क्षमा करू शकणार नाही असे कोणतेही पाप नाही, मग ते कितीही गंभीर असो (९८२).

८. त्या मुलाची हकीकत

चार दिवसांनी तो मुलगा कार्यालयात आला. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळात त्याचे पैसे गेले होते. ते भरून काढायला त्याने एका खासगी माणसाकडून महिना दहा टक्क्यांनी पैसे घेतले. कोऱ्या स्टँपपेपरवर सही आणि दोन कोरे धनादेश दिले. व्याज भरायला दुसरीकडून घेतले. वडील चर्चमध्ये मानाचे गृहस्थ. "पप्पांचं नाव आहे ओ फादर सगळीकडं. त्यांना कळलं तर संपलंच," तो म्हणाला. त्या मुलाच्या घरातही एक पुतळा होता.

मी त्याला म्हणालो, "चल, आपण दोघं जाऊन सांगू." तो तयार व्हायला आठवडा लागला. वडिलांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "किती?" त्याने आकडा सांगितला. आई रडली. वडील उठले, आत गेले आणि बँकेचे पुस्तक घेऊन बाहेर आले.

कर्ज त्या दिवशी फिटले नाही. आजही हप्ते चालू आहेत आणि घरातले काही बेत पुढे ढकलले गेले आहेत. वकिलांनी सांगितले की २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि कोऱ्या कागदावर सही घेणेही कायद्याला मंजूर नाही. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे याबाबत तक्रार करता येते. हे मुद्दाम लिहितो, कारण धर्मग्रामात अशी आणखी घरे असू शकतात. मुलगा आता रात्री झोपतो, असे त्याच्या आईने मला सांगितले.

त्याने खुर्च्या रचून विचारलेल्या प्रश्नाला मी तत्त्वज्ञान दिले, याची मला लाज वाटते. पुतळे केवळ घरांत नसतात. आम्हा धर्मगुरूंचाही एक असतो, सर्व काही जाणणाऱ्याचा. थिओफिलस देवळाचाच कारभारी होता, हे मी विसरत नाही. मीही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पापनिवेदन करतो.

९. या प्रायश्चित्त काळात

पास्काजागरणाच्या रात्री आपण हाती मेणबत्ती घेऊन बाप्तिस्म्याची वचने पुन्हा देतो. आधी सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा आणि त्याच्या पोकळ आश्वासनांचा आपण त्याग करतो आणि मगच श्रद्धा प्रकट करतो. आपल्या आयुष्यातला पहिला करार हा आहे. तो देवाने केला, आपल्या बाजूने मोडला तरी त्याने तो मोडलेला नाही. त्या रात्रीपूर्वी प्रत्येकाने एकदा पापनिवेदनाला यावे, अशी विनंती आहे. बरीच वर्षे आला नसाल, शब्द आठवत नसतील, तरी या. शब्द मी सांगेन.

कुटुंबात चिंतनासाठी प्रश्न

१. मी अलीकडे कोणत्या लहान गोष्टींना 'एवढ्याने काय होते' म्हणून होकार दिला?
२. माझ्या घरात कोणता पुतळा आहे? त्याच्या भीतीने कोण काय लपवत आहे?
३. माझे मूल, पती, पत्नी चूक सांगायला आली, तर माझा पहिला शब्द कोणता असेल?
४. मी कोणाला उसने देऊन त्याच्या अडचणीचा फायदा घेत आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, डोंगरावर तू आमच्यासाठी 'नाही' म्हणालास. जेथे आम्ही 'हो' म्हणून बसलो आहोत तेथून आम्हाला परत आण. झाकलेले उघड करण्याचे धैर्य आम्हाला दे आणि कोणी आमच्यापुढे आपले दुःख उघड केले तर ते ऐकण्याचे मन दे. हे मरिया माते, थिओफिलसचा कागद तू परत आणलास. आमच्यासाठीही विनंती कर. आमेन.

आपला,
धर्मगुरू, जुळे सोलापूर